कैरीच्या जागी ब्रॅम्ली

सप्टेंबर अर्धा सरला की आमच्याकडे घरांच्या फाटकांबाहेर खोकी दिसायला लागतात. आमच्याकडे म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागी, नॉटिंगहॅमशरमध्ये. कुठे पुठ्ठ्याचं खोकं, कुठे जुनी बादली, कुठे भाजीची प्लास्टिकची पेटी. आत मोठाली हिरवी सफरचंदं, थोडी चपटी, एखाद्या अंगाला लालसर झाक असलेली, आणि वर कागदावर लिहिलेलं, ‘हवी तेवढी न्या’. पैसे कुणी मागत नाही. परसात झाड एकच असतं, पण जुनं आणि मोठं असलं तर चांगल्या वर्षी शंभर किलोंच्या वर फळ देतं. घरात बहुधा दोनच म्हातारी माणसं राहिलेली असतात. ती खाणार किती आणि वाटणार किती? मग फळ फाटकाबाहेर येतं, दोन-तीन पाऊस अंगावर घेतं आणि पुष्कळदा तिथेच सडतं.

हे सडणं मला बघवत नाही. ज्या घरात मे महिन्यात कैऱ्यांची पोती उतरायची आणि आठ दिवस विळीचा आवाज थांबायचा नाही, अशा घरात वाढलेल्या कुणालाही ते बघवणार नाही.

ही सफरचंदं कच्ची खायची नसतात. एक चावा घेतला तर दात आंबतात. ब्रॅम्ली हे त्या जातीचं नाव. या देशात शिजवण्याचं सफरचंद म्हटलं की ब्रॅम्लीच. जगात बहुतेक ठिकाणी खायचं सफरचंद आणि शिजवायचं सफरचंद यांत फारसा भेद करत नाहीत. ब्रिटिशांनी मात्र शिजवण्यासाठी वेगळं आंबट फळ पिढ्यानपिढ्या जपलं. त्याचा रस खूप आंबट, साखर कमी, आणि आचेवर ठेवलं की पाहता पाहता फोडीचा कापसासारखा हलका लगदा होतो. आंबटपणाच तिथे काम करत असतो. फळाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन त्या आम्लात चटकन सुटं होतं. खायच्या गोड सफरचंदाची फोड तेवढ्याच आचेवर फोड म्हणूनच राहते.

आपल्याकडे सफरचंदाला स्वयंपाकघरात जागाच नव्हती. माझ्या लहानपणी ते आजाऱ्याचं फळ होतं. कुणाला दवाखान्यात भेटायला जायचं तर कागदी पिशवीतून चार लाल सफरचंदं न्यायची, काश्मीर नाहीतर हिमाचलकडून आलेली. घरात आणली तर एकाच्या आठ फोडी करून पोरांना वाटायची. सफरचंदाला फोडणी देता येते, त्यात गूळ घालता येतो, हे कुणाच्या मनातही येत नसे. इथे येऊन राहिलेल्या पुष्कळ मराठी घरांत आजही हीच स्थिती आहे. गोड सफरचंद डब्यात जातं आणि फाटकाबाहेरचं हिरवं खोकं परक्यांचं म्हणून तसंच राहतं.

ब्रॅम्लीचं मूळ झाड आमच्यापासून फार लांब नाही. साउथवेल म्हणून एक गाव आहे, जुन्या भव्य मिन्स्टर चर्चचं. तिथल्या चर्च स्ट्रीटवरच्या एका घराच्या परसात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातलं एक रोप जगलं, वाढलं. मेरी ॲन लग्न होऊन ते घर सोडून गेली. १८४६ मध्ये मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घर विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या रोपवाटिकेच्या धंद्यातल्या पोरगेल्या मुलाने त्याच्याकडे कलमासाठी काड्या मागितल्या. ब्रॅम्लीने दिल्या, पण झाडाला आपलं नाव द्यायचं या अटीवर. मेरीवेदरच्या वहीत ३१ ऑक्टोबर १८६२ रोजी पहिल्या विक्रीची नोंद आहे. तीन सफरचंदं, दोन शिलिंग. तोवर मेरी ॲन हयात नव्हती. आपण पेरलेल्या बीचं पुढे काय झालं, हे तिला कधी कळलंच नाही.

बी पेरली मुलीने आणि नाव लागलं घर विकत घेणाऱ्याचं, हे मला फार खटकतं. साउथवेलमध्ये आता तिची आठवण आवर्जून काढतात, पण दुकानातल्या पाटीवर ब्रॅम्लीच लिहिलेलं असतं आणि ते आता बदलणार नाही.

सफरचंदाची बी पेरली तर त्याच जातीचं झाड येत नाही. कसलंही येतं. म्हणून जगातलं प्रत्येक ब्रॅम्लीचं झाड हे त्या एका झाडाची फांदी आहे, कलमावर कलम होत इथवर आलेली. रत्नागिरी-देवगडकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळेल अशी आशा तिकडे कुणी धरत नाही. कोयीचं झाड ते रायवळ. त्या हिशेबाने मेरी ॲनचं झाडही रायवळच, फक्त नशिबाने असामान्य निघालेलं. १९०० च्या सुमाराला ते वादळात आडवं झालं आणि पडल्या खोडातून पुन्हा उभं राहिलं. आता त्याला बुरशीने पोखरलंय. नॉटिंगहॅम ट्रेंट युनिव्हर्सिटी त्याची देखभाल करते. दोनशे वर्षांच्या वर जगलेलं सफरचंदाचं झाड मुळातच दुर्मीळ. ते गेलं तरी ब्रॅम्ली जाणार नाही, हा कलमांचा उपकार.

आमच्या घरात ब्रॅम्ली खऱ्या अर्थाने आली ती सासूबाईंमुळे. त्या राजापूरकडच्या. एका शरदात आमच्याकडे राहायला आल्या होत्या. रोज दुपारी आम्ही दोघी गल्लीच्या टोकापर्यंत फिरून यायचो, आणि रोज त्या त्या खोक्यांपाशी थांबायच्या. एक दिवस त्यांनी एक फळ उचललं, देठापाशी नाकाला लावलं, अंगठ्याचं नख सालीत रुतवून पाहिलं आणि काही न बोलता दोन्ही हातांत मावतील तेवढी घेतली. घरी येऊन एकाची फोड कापली, तिला मीठ आणि तिखट लावलं, तोंडात टाकली. डोळे मिटले, मग उघडले.

“अगं, ही तर कैरीच की!”

“आई, पण शिजली की हिचा लगदा होतो,” मी म्हटलं.

“आणि कैरीचा काय होत नाही? घरात गूळ आहे ना? मेथ्या?”

गूळही होता, मेथ्याही होत्या. त्या संध्याकाळी इंग्लंडातल्या सफरचंदाचा मेथांबा झाला. त्यानंतर आमच्याकडे शरद ऋतूचा अर्थ बदलला. तोवर कैरी हवी तर लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांत जायचं, लांबून विमानाने आलेल्या, सालीवर सुरकुत्या धरलेल्या कैऱ्या निवडायच्या आणि नगावर पैसे मोजायचे, असा शिरस्ता होता. आणि इकडे गल्लीत तोच आंबटपणा फुकट सडत होता.

मेथांब्याची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण ब्रॅम्लीचा स्वभाव त्यात नीट कळतो. कैरीच्या मेथांब्यात आपण फोडणीवर फोडी परततो, थोडं पाणी घालून मऊ करतो आणि मग गूळ घालतो. कैरी तेवढा दम धरते. ब्रॅम्ली धरत नाही. झाकण ठेवून जरा पाठ फिरवली की पातेल्यात नुसता गर उरतो. म्हणून इथे क्रम फिरवायचा. तेल तापवून मोहरी, मेथ्या, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीचे तुकडे. मेथ्या तांबूस झाल्या पाहिजेत. काळ्या झाल्या तर सगळं कडू. त्यावर वाटीभर पाणी आणि चिरलेला गूळ. गूळ विरघळून उकळी फुटली की निम्म्या फोडी आत टाकायच्या. त्या विरघळतात आणि रस दाट होतो. मग मीठ, लाल तिखट आणि उरलेल्या निम्म्या फोडी, जरा जाड कापलेल्या. गुळाच्या पाकात फळ लवकर मोडत नाही, त्यामुळे या फोडी कडा सोडून आतून टणक राहतात. चार-पाच मिनिटांत खाली उतरवायचं. गार झाल्यावर चमच्यात एक अखंड फोड आणि भोवती दाट आंबटगोड रस यायला हवा. किलोभर फोडींना मी साधारण अर्धा किलो गूळ घालते, फळ फार आंबट असेल तर मूठभर जास्त. सालं काढायची का? सासूबाई काढत नसत. सालीत चव असते आणि फोडीला तीच धरून ठेवते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

लोणचंही होतं, पण ते कैरीचं लोणचं नव्हे हे ध्यानात ठेवून घालावं. सालासकट बारीक फोडी, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवल्या की भरपूर खार सुटतो. सकाळी त्यात मोहरीची डाळ, तिखट, हिंग आणि पूर्ण गार केलेली फोडणी. फोडणी जराही कोमट असली तर फोडी मऊ पडतात. कैरीला बाठीजवळचा जो कडकपणा असतो तो इथे नाही, म्हणून हे लोणचं वर्षाच्या बेगमीचं नाही. फ्रिजमध्ये ठेवावं आणि महिन्याभरात संपवावं. दहीभाताबरोबर ते इतकं चांगलं लागतं की महिना काढणंच कठीण.

मुरांब्याला मात्र ब्रॅम्ली चालत नाही. तिथे फोड काचेसारखी पारदर्शक आणि अखंड हवी. त्याला कॉक्स किंवा एग्रेमाँट रसेट यांसारखं खायचं गोड सफरचंद घ्यावं. रसेटची साल खरखरीत, तपकिरी, दिसायला काहीच नाही, पण गराला सुकामेव्याचा वास असतो. एकतारी पाकात वेलची आणि लवंग घालून त्याच्या फोडी मंद आचेवर मुरू दिल्या की जे तयार होतं ते आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे चकलीच्या शेजारी वाढलं जातं.

सासूबाईंनी कैरीच्या जागी आंबट सफरचंद घातलं, तसं ते त्यांच्या आधी शंभराहून अधिक वर्षं इंग्रज बायकांनी घातलं होतं. हिंदुस्थानात नोकऱ्या करून परतलेल्या कुटुंबांना चटणीची सवय लागली होती आणि इथे कैरी मिळणं शक्य नव्हतं. १८६१ साली पुस्तकरूपाने आलेल्या मिसेस बीटन यांच्या गृहव्यवस्थेवरच्या प्रसिद्ध ग्रंथात हिंदुस्थानी चटणीची एक कृती आहे. त्यात आंबट सफरचंदं, टोमॅटो, मीठ, तांबडी साखर, बेदाणे, लाल तिखट, सुंठ, लसूण, छोटे कांदे आणि भरपूर व्हिनेगर असं साहित्य येतं. आपल्या पाट्यावरच्या ताज्या चटणीशी तिचं नातं आता ओळखू येत नाही, कारण इथे चटणी म्हणजे महिनोन् महिने टिकवायचा पदार्थ झाला. व्हिनेगर आणि साखर त्यासाठीच. पण कैरीची जागा कुणी घ्यायची, हा प्रश्न राजापूरच्या बाईने आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बाईने सारखाच सोडवला, याचं मला अपार कौतुक वाटतं.

ज्यांच्या फाटकापासून हे सगळं सुरू झालं त्या शेजारच्या आजीबाई अजूनही अशी चटणी घालतात. त्या नव्वदीच्या जवळ आल्या आहेत. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी. पण मेथांब्याची बाटली त्यांच्याकडे गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हां दोघींना बोलावून घेतलं. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात ब्रॅम्ली, कांदे, बेदाणे, आलं, तांबडी साखर आणि व्हिनेगर दोन तास रटरटत होतं. वासाने डोळ्यांत पाणी येत होतं. चटणी झाली कधी म्हणायची, ते त्यांनी दाखवलं. लाकडी कालथा पातेल्याच्या तळावरून ओढायचा. मागे तळ दिसणारी वाट राहिली आणि ती लगेच भरून आली नाही तर झाली. सासूबाईंनी कालथा हातात घेतला, स्वतः ओढून पाहिला आणि मान डोलावली. गुळांबा झाला की नाही हे त्या असंच ओळखत.

बाटल्यांच्या बाबतीत मात्र आजीबाई फार कडक. बाटल्या धुऊन ओव्हनमध्ये तापवायच्या, गरम बाटलीत गरमच चटणी भरायची, झाकणाला आतून लेप हवा, नाहीतर व्हिनेगर पत्र्याला खातं. भरलेल्या बाटलीवर तारीख टाकायची आणि दोन महिने तरी हात लावायचा नाही. आमच्या बरण्यांना दादरा बांधायचे, आणि सोवळ्यातल्या हाताशिवाय बरणीत हात घालायची परवानगी नसे. शिस्त दोन्हीकडे सारखी आहे, आणि कारणही. ओला चमचा एकदा आत गेला की वर्षाचं काम फुकट जातं.

त्यांच्याकडूनच मी रानसफरचंदांची जेली शिकले. रस्त्याकडेच्या कुंपणांत ही झाडं असतात. फळ सुपारीपेक्षा थोडं मोठं, तोंडात घालवणार नाही इतकं तुरट. ती नुसती चिरून, सालाबियांसकट, बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवायची आणि स्वच्छ कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवायची, आपण श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी. पण चक्क्याची पुरचुंडी आपण मधूनमधून पिळतो. ही पिळायची नाही. पिळली तर जेली गढूळ होते. जेवढं आपोआप ठिबकेल तेवढंच घ्यायचं. सकाळी खालच्या भांड्यात फिक्या गुलाबी पाण्यासारखं काहीतरी असतं, त्याचं काय होणार असं वाटावं असं. दर ६०० मिलिलिटर रसाला ४५० ग्रॅम साखर घालून उकळत ठेवलं की रंग चढत जातो, फिक्या गुलाबीचा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होतो. साधारण १०५ अंश सेल्सिअसला जेली धरते. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. फ्रिजमध्ये गार केलेल्या ताटलीवर थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलायचा. वर सुरकुती पडली तर आच बंद. आपण पाकाची तार बघतो, त्या सुरकुती बघतात. वरून काही घालावं लागत नाही, कारण रानसफरचंदाच्या सालीत आणि गाभ्यात पेक्टिन भरपूर असतं. गोड सफरचंदाचा मुरांबा करताना जी सालं आणि गाभे उरतात तेही टाकू नयेत. त्यांचाही असाच काढा होतो, आणि तो ब्लॅकबेरीच्या जॅमला धरायला उपयोगी पडतो.

ब्लॅकबेरी इथे सप्टेंबरमध्ये कुंपणाकुंपणांतून लगडलेली असते. २९ सप्टेंबरच्या मायकलमसच्या सणानंतर सैतान तिच्यावर थुंकतो, म्हणून ती पुढे तोडू नये, अशी जुनी समजूत आहे. समजुतीत तथ्य आहे. ऑक्टोबरच्या थंड दमट हवेत ती पाणचट होते आणि बुरशी धरते.

आता साठवणीचं. इथे दोन प्रकारची फळं वेगळी ठेवावी लागतात. झाडाखाली पडलेली आणि हाताने काढलेली. पडलेल्या फळाला मार बसलेला असतो, ते टिकत नाही. दोन-चार दिवसांत चिरून पातेल्यात गेलं पाहिजे. मार लागलेला भाग कापून टाकावा, पण बुरशी चढलेलं फळ पुरतंच टाकावं, त्याचा चांगला वाटणारा भागही घेऊ नये. साठवायचं ते हाताने काढलेलं. ऑक्टोबरमध्ये फळ तळव्यात अलगद धरून थोडं वर उचलायचं आणि फिरवायचं. तयार असेल तर देठासकट हातात येतं, ओढावं लागत नाही. मग एकेक फळ वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, देठ वर करून, पेटीत एकमेकाला न चिकटेल असं मांडायचं आणि गार, अंधाऱ्या शेडमध्ये ठेवायचं, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी.

पहिल्यांदा हे करताना माझ्या डोळ्यांसमोर आंब्याची अढी येत होती. पण हेतू अगदी उलटा. अढीत आपण गवताची ऊब देऊन फळ पिकवतो. इथे गारव्यात त्याचं पिकणं लांबवतो. पिकतं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि तो शेजारच्या फळांनाही पिकण्याची घाई करायला लावतो. अढीत तो हवा असतो, इथे नको असतो. म्हणून दर आठवड्याला पेटी तपासायची आणि डागाळलेलं फळ लगेच बाहेर काढायचं. बटाट्यांजवळही ही पेटी ठेवू नये. नीट सांभाळली तर ब्रॅम्ली मार्चपर्यंत राहते. साल जरा तेलकट होते, आंबटपणा थोडा उतरतो, पण फळ खणखणीत.

आणि मार्चमध्ये आपला चैत्र येतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं हवं. पेटीतल्या शेवटच्या ब्रॅम्ली मी त्यासाठीच राखते. भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ, त्यात सालासकट किसलेली ब्रॅम्ली, ओलं खोबरं, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, वरून हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची खमंग फोडणी. कीस लगेच तपकिरी पडतो, म्हणून किसल्याबरोबर डाळीत मिसळावा आणि वर लिंबू पिळावं. पन्ह्याला शिजवलेला गर, गूळ, वेलची, केशर. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगितल्यावर त्या आपापल्या गल्लीतली झाडं आठवायला लागतात.

या देशाने एकेकाळी फळ वाया न घालवण्याला राष्ट्रीय काम मानलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जानेवारीत साखर रेशनवर आली. त्याच वर्षी विमेन्स इन्स्टिट्यूट या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या संघटनेला सरकारने जॅमसाठी खास साखर दिली. गावोगावच्या सभागृहांत, शाळांत, कुणाच्या तबेल्यात चुली पेटल्या आणि १९४५ पर्यंत या बायकांनी ५,३०० टनांहून अधिक फळ टिकवून ठेवलं, बागांत आणि कुंपणांत एरवी सडून गेलं असतं असं. युद्ध संपल्यावरही साखरेचं रेशनिंग १९५३ पर्यंत चाललं. शेजारच्या आजीबाई त्या काळात लहान होत्या. त्यांच्या आईने फळाची साल कधी टाकली नाही, असं त्या सांगतात.

त्यानंतर घरोघरीचं हे काम ओसरलं. दुकानात वर्षभर सगळी फळं मिळू लागली, आणि जुन्या बागा तोडून तिथे घरं आणि शेतं झाली. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इंग्लंडातल्या जुन्या पद्धतीच्या बहुतेक फळबागा गेल्या. केंटमधल्या ब्रॉगडेलच्या राष्ट्रीय फळसंग्रहात सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती जिवंत झाडांच्या रूपात राखल्या आहेत. दुकानात त्यातल्या जेमतेम आठ-दहा दिसतात. १९९० पासून २१ ऑक्टोबर हा दिवस सफरचंद दिन म्हणून पाळतात. कॉमन ग्राउंड या संस्थेने लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये त्याची सुरुवात केली. आमच्याकडेही त्या सुमाराला गावच्या सभागृहात टेबलांवर नावानिशी सफरचंदं मांडतात आणि आपल्या परसातल्या झाडाची जात कोणती ते सांगणारी जाणकार माणसं बसलेली असतात. पण झाड टिकतं ते त्याचं फळ कुणाला तरी हवं असतं म्हणून. फळ दरवर्षी फाटकाबाहेर सडायला लागलं की घर विकत घेणारा पुढचा माणूस ते झाड कापतो आणि तिथे गाडी लावायला जागा करतो. असं होताना मी या गल्लीतच पाहिलं आहे.

इथल्या मराठी माणसांना माझं सांगणं त्यासाठीच आहे. परदेशात आपलं खाणं जपायचं म्हणजे सगळं तिकडून आणायचं, असा आपला समज झाला आहे. मला तो पटत नाही. आपल्या आज्यांनी परसात आणि शेजारी जे पिकलं त्याचीच बेगमी केली. कोकणात कैरी होती म्हणून कैरीची, देशावर बोरं आणि चिंचा होत्या म्हणून त्यांची. त्यांचं कसब आंबटाला गूळ किती, फोडणी किती तापवायची, बरणी कोरडी कशी ठेवायची यात होतं. ते कसब ब्रॅम्लीवर तंतोतंत चालतं. लोणच्याचा मसाला भारतातून जरूर आणा, हिंग आणा, मेथ्या आणा. फळ मात्र इथलं घ्या.

येत्या सप्टेंबरात गल्लीत खोकं दिसलं तर थांबा, चार ब्रॅम्ली उचला आणि आधी मेथांबा करून पाहा. खोकं दिसत नसेल पण भिंतीपलीकडे फळांनी वाकलेलं झाड दिसत असेल, तर दाराची घंटा वाजवून विचारा. बहुतेक लोक खूश होऊन पिशवी भरून देतात, आणि उंच फांद्यांवरची फळं काढून देणारं कुणी भेटलं तर त्यांनाही ते हवंच असतं. घरी मुलं असतील तर त्यांना बरोबर न्या, फळ कसं फिरवून काढायचं ते त्यांना दाखवा. आणि आठवड्याभराने त्या घरी एक बाटली पोचवा. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, ती पद्धत इथेही चालवा.